सपाट चित्रातील घनाकार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानाची संहिता)



पंडरीच्या कापडबाजारात एखाद्या दुकानासमोर क्षणभर उभे राहिले, तरी आजच्या विषयाची निम्मी ओळख होते. मागे भिंतीशी ताग्यांची रास, पुढे पुतळ्याला नेसवलेली कोशाची साडी, गादीवर पसरलेले चौकडीचे कापड. गिऱ्हाईक बाई मोबाइलवर त्या साडीचे छायाचित्र काढते आणि दूरच्या गावी असलेल्या बहिणीला पाठविते. त्या छायाचित्रात जाडी नाही, खोली नाही, वजन नाही. आहेत ते फक्त आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले रंगीत ठिपके. तरीही बहीण तत्काळ सांगते, ‘निऱ्या छान पडल्या आहेत, पदर मात्र फार जड दिसतो.’ सपाट काचेवर निऱ्यांची खोली तिला कशी दिसली? पदराचे वजन तिच्या डोळ्यांनी कशावरून तोलले? जे त्या बहिणीला सहज साधते, ते यंत्राला साधावे म्हणून संशोधकांनी साठ वर्षे खर्ची घातली आहेत आणि अजूनही ते काम पुरे झालेले नाही. एकाच सपाट चित्रावरून वस्तूचा त्रिमितीय आकार ओळखणे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

प्रथम अडचण नेमकी कुठे आहे, ते पाहू जाता असे दिसते की ती भूमितीतच आहे. कॅमेऱ्याच्या भिंगातून आत येणारा प्रत्येक किरण प्रतिमेवर एक ठिपका उमटवितो. तो किरण कोणत्या दिशेने आला हे ठिपका सांगतो, पण किती अंतरावरून आला हे सांगत नाही. हातभर अंतरावरचा मणी आणि मैलभर अंतरावरचा घुमट एकाच दिशेत असतील तर दोघांचाही ठिपका तोच. वस्तूला लांबी, रुंदी आणि खोली अशी तीन मापे असतात; चित्रात दोनच उरतात. तिसरे माप पुसट होत नाही, ते पूर्णपणे नाहीसे होते. म्हणून एका चित्राशी जुळणाऱ्या घनाकृती एक-दोन नसून अगणित असतात. खेळण्यातली मोटार डोळ्याजवळ धरली आणि खरी मोटार दूर उभी केली, तर दोन्ही चित्रे तंतोतंत सारखी येऊ शकतात. केवळ चित्राच्या बळावर त्यांतील खरी कोणती हे ठरविण्याचा मार्ग गणितात नाही.

ही गोष्ट रायपुरातील मराठी मुलाला अन्य कोणाहूनही लवकर पटावी. घरातून बाहेर पडताच त्याला एखाद्या कचेरीवर पाटी दिसते : ‘शिक्षा विभाग’. घरच्या भाषेत शिक्षा म्हणजे दंड. पाटीच्या भाषेत शिक्षा म्हणजे शिक्षण. अक्षरे तीच, लिपी तीच, काना-मात्रांतही फरक नाही. ‘संसार’ हा शब्द घरात प्रपंच होतो आणि रस्त्यावर सारे जग. ‘चेष्टा’ घरात थट्टा आणि रस्त्यावर प्रयत्न. कागदावर उमटलेल्या खुणा अर्थ ठरवीत नाहीत; वाचणाऱ्याजवळ असलेले पूर्वज्ञान आणि शब्दाभोवतीचा संदर्भ तो ठरवितात. रायपूरचे मूल दिवसातून पन्नास वेळा ही निवड करते आणि आपण निवड केली हे त्याच्या ध्यानातही येत नाही. डोळा चित्राच्या बाबतीत नेमके हेच करतो. चित्र हा ‘शिक्षा’सारखा शब्द आहे, तो कोणत्या भाषेत वाचायचा, हे पाहणाऱ्याने आधीच मनाशी ठरविलेले असते.

कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे संगणकाची दृष्टी, या विद्येचे वय या शाळेच्या वयाशी मिळतेजुळते आहे. 1963 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी., येथे लॉरेन्स रॉबर्ट्स या तरुण संशोधकाने घनाकृतींच्या यांत्रिक आकलनावर प्रबंध सादर केला. हेच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटची पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्याच्या उभारणीमुळे अधिक प्रसिद्ध झाले. त्यांनी ठोकळ्यांचे छायाचित्र संगणकास दिले. संगणकाने आधी त्यातील कडा शोधल्या, मग त्या कडा घन, पाचर आणि षट्कोनी प्रचिन अशा मोजक्या नमुन्यांशी जुळवून पाहिल्या. उरला प्रश्न अंतराचा. तेथे रॉबर्ट्स यांनी एक साधे गृहीतक वापरले : वस्तू अधांतरी नसते, ती जमिनीवर किंवा दुसऱ्या वस्तूवर टेकलेली असते. एवढे गृहीत धरताच हरवलेले तिसरे माप परत मिळाले. पण ध्यानात घ्यावयाचे ते हे की, ते चित्रातून मिळाले नाही; जगाविषयीच्या एका समजुतीतून मिळाले. पुढच्या साठ वर्षांचा इतिहास म्हणजे अशा समजुती शोधण्याचा, त्या तपासण्याचा आणि त्यांवर किती विसंबावे याचा इतिहास आहे.

आरंभीचा आत्मविश्वास मोठा होता. 1966 च्या जुलै महिन्यात याच संस्थेतील सीमोर पॅपर्ट यांनी एक टिपण लिहून उन्हाळी सुट्टीतील विद्यार्थ्यांकडून दृष्टियंत्रणेचा मोठा भाग उभारून घेण्याची योजना मांडली. चित्रातील वस्तू कोणती, पार्श्वभूमी कोणती, आणि अखेर प्रत्येक वस्तूचे नाव काय, एवढे त्या एका उन्हाळ्यात साधावयाचे होते. तो उन्हाळा सरला आणि त्यानंतर कितीतरी उन्हाळे सरले. पाहणे सोपे वाटते, कारण पाहणाऱ्याला ते शिकल्याचे स्मरण उरत नाही. ज्याचे कष्ट आठवत नाहीत ते काम हलके भासते, ही चूक थोरामोठ्यांकडूनही होते.

तरी त्या काळात एक सुंदर सिद्धान्त हाती आला आणि तो शाळेच्या फळ्यावर खडूने समजावून देता येईल इतका निर्मळ आहे. विद्यार्थ्यांनी वहीत एक घन काढावा. घनाला कडा 12 आणि कोपरे 8. पण कोपऱ्याकडून पाहिलेल्या घनाच्या चित्रात 9 रेषा आणि 7 कोपरेच दिसतात. आता प्रत्येक रेषेला अर्थ द्यावयाचा आहे. रेषा म्हणजे बाहेर उठलेली कड असेल, आत दबलेली खाच असेल, किंवा वस्तूची सीमा असेल. आणि सीमा असल्यास वस्तू रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला, असे आणखी दोन पर्याय. एकूण चार अर्थ झाले. रेषा जेथे मिळतात त्या कोपऱ्यांचे चार प्रकार : दोन रेषांचा एल, बाणाचा अग्र, तिफाटा आणि टी. निव्वळ गणिताने या कोपऱ्यांच्या अर्थांचे 208 मेळ संभवतात. 1971 साली डेव्हिड हफमन आणि मॅक्स क्लोज यांनी, एकमेकांशी संबंध न येता, असे दाखविले की जेथे तीन पृष्ठभाग मिळतात अशा घनाकृतींच्या जगात त्यांपैकी केवळ 18 मेळ प्रत्यक्षात उतरू शकतात. उरलेले 190 कागदावर काढता येतात, लाकडात घडविता येत नाहीत. एका कोपऱ्याचा अर्थ ठरला की शेजारच्या रेषेचा अर्थ बांधला जातो, आणि शब्दकोड्यासारखे सारे चित्र उलगडत जाते.

पुढच्याच वर्षी डेव्हिड वॉल्ट्झ यांनी या कोड्यात सावल्याही आणल्या. त्यामुळे रेषांचे संभाव्य अर्थ चारावरून पन्नासाहून अधिक झाले. कोडे अधिक अवघड व्हावयास हवे होते, झाले उलटेच. सावलीने प्रत्येक जागी इतके निर्बंध आणले की अनेक चित्रांना एकच अर्थ उरला. माहिती वाढली म्हणजे गोंधळ वाढतो असे नव्हे. माहिती एकमेकींशी बांधलेली असेल तर ती गोंधळ कमी करते. 1987 मध्ये जितेंद्र मलिक या भारतीय संशोधकाने हीच विचारसरणी वक्र पृष्ठभागांच्या रेखाचित्रांपर्यंत नेली. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले मलिक पुढे या विद्येतील अग्रगण्य नावांपैकी एक झाले.

परंतु जग रेषांचे बनलेले नाही. साडीच्या निरीला कड नसते, आंब्याला कोपरा नसतो. तेथे आकार सांगतो तो छायाप्रकाश. ही गोष्ट संगणकाच्या फार आधी या देशातील चित्रकारांना ठाऊक होती. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात ‘वर्तना’, म्हणजे छायांकन, तीन प्रकारचे सांगितले आहे : पत्रज, ऐरिक आणि बिंदुज. सपाट भिंतीवर उंचसखलपणा कसा भासवावा, याचे ते शास्त्र होय. अजिंठ्याच्या लेण्यांत ते प्रत्यक्ष पाहावयास मिळते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीच्या मुखावर गडद छटा कडेकडे उतरत जाते, नाकावर उजळ छटा येते, आणि गिलाव्याच्या सपाट थरातून चेहरा पुढे येतो. चित्रकाराचे काम घनाकाराकडून चित्राकडे जाण्याचे. संगणकाला जावयाचे आहे उलट वाटेने, चित्राकडून घनाकाराकडे. आणि ही परतीची वाटच बिकट आहे.

का बिकट आहे, ते 1970 साली बर्थहोल्ड हॉर्न यांनी आपल्या प्रबंधात गणिताने मांडले. पृष्ठभाग प्रकाशाकडे जितका सन्मुख तितका तो उजळ, जितका तिरपा तितका मंद. म्हणजे ठिपक्याच्या उजळपणावरून उतार काढता यावा. पण कोणत्याही जागी उताराला दोन अंगे असतात : आडव्या दिशेने किती आणि उभ्या दिशेने किती. उजळपणाचे समीकरण मात्र एकच. दोन अज्ञात आणि समीकरण एक असेल तर उत्तर निघत नाही, हे आठवीचा विद्यार्थीही सांगेल. हॉर्न आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनी पृष्ठभाग एकसंध असतो, शेजारचे उतार एकदम बदलत नाहीत, अशी पूरक बंधने घालून ते सोडविले. चंद्राच्या छायाचित्रांवरून तेथील उतार काढण्याचे प्रयत्न त्याही आधी सुरू झाले होते. कारण चंद्रावर ढग नाहीत, झाडे नाहीत आणि प्रकाश देणारा सूर्य एकच, म्हणून हे गणित तेथे त्यातल्या त्यात सोपे.

याच चंद्राने एक फसवणूकही शिकविली. चांद्रविवराचे छायाचित्र उलटे धरले की खड्ड्याचा उंचवटा होतो. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन हा प्रयोग अवश्य करावा. चित्रात काहीच बदललेले नसते, बदलते ती पाहणाऱ्याची समजूत. डोळा न विचारता गृहीत धरतो की प्रकाश वरून येतो, कारण सूर्य नेहमी वर असतो. 1988 साली व्ही. एस. रामचंद्रन यांनी छायांकित वर्तुळांच्या साध्या चित्रांवर हा परिणाम काटेकोरपणे दाखविला. वरचा भाग उजळ असलेले वर्तुळ फुगीर दिसते आणि तेच उलटे केले की खोलगट. शिवाय एका वेळी साऱ्या चित्रासाठी प्रकाशाचा एकच स्रोत असल्याचेही मन गृहीत धरते. कोट्यवधी वर्षे एकाच सूर्याखाली वाढलेल्या जीवांच्या डोळ्यांना ही समजूत शोभते. सिरपूरचे लक्ष्मण मंदिर सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले की विटांतील कोरीव काम उठून दिसते आणि ऊन माथ्यावर आले की तेच काम दबते. विटा त्याच असतात. सावली गेली की डोळ्याचा पुरावा जातो.

छायाप्रकाशातील ही संदिग्धता एडवर्ड एडेलसन आणि अॅलेक्स पेंटलंड यांनी 1996 साली एका कारखान्याच्या रूपकाने समजावली. एका दृश्याची हुबेहूब प्रतिकृती करावयाची आहे. रंगारी म्हणतो, सपाट फळीवर छटा रंगवून देतो. पत्र्याचे काम करणारा म्हणतो, पत्रा तसाच वाकवून देतो, रंगाची गरज नाही. दिवे लावणारा म्हणतो, पांढऱ्या सपाट पडद्यावर उजेड-अंधार असे पाडतो की दृश्य तेच दिसेल. तिघेही खरे बोलतात. प्रत्येकाच्या कामाची मजुरी मात्र निराळी. आणि कारखान्याचा व्यवस्थापक अशी वाटणी शोधतो की तिघांत मिळून खर्च सर्वांत कमी यावा. डोळ्यामागचा मेंदू हा असा काटकसरी व्यवस्थापक आहे. पंडरीच्या गादीवरील कापडात गडद पट्टा दिसला, तर ती घडीची सावली आहे, विणीतला पट्टा आहे, की वरच्या दिव्याच्या तारेची छाया आहे, हा निवाडा त्याने करावयाचा असतो. चौकडीच्या कापडाच्या बाबतीत त्याला आणखी एक साक्षीदार मिळतो : जेथे चौकटी लहान व दाट होतात तेथे कापड वळून दूर जात आहे. कोशाच्या कापडाची चकाकी मात्र साक्ष फिरविते. पाहणारा हलला की ती चमकही हलते, आणि उजळपणावरून उतार सांगणारे साधे गणित तेथे चुकते. गिऱ्हाईक साडी हातात घेऊन उजेडाकडे फिरवून पाहते, ते उगाच नव्हे. एका चित्राने भागत नाही हे तिला ठाऊक असते.

मग माणसाला हे सारे जन्मतः येते काय? हा प्रश्न फार जुना. 1688 साली आयर्लंडमधील विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारले होते की, जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल ओळखता येतात. त्याला एकाएकी दृष्टी मिळाली, तर न शिवता, केवळ पाहून, तो ते ओळखील काय? तीनशेहून अधिक वर्षांनी या प्रश्नाला उत्तर मिळाले ते भारतात. एम.आय.टी.तील प्राध्यापक पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या प्रोजेक्ट प्रकाश या उपक्रमात जन्मतः दृष्टिहीन असलेल्या, पण उपचार शक्य असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 8 ते 17 वर्षे वयाच्या पाच मुलांची, दृष्टी मिळाल्यानंतर 48 तासांच्या आत, परीक्षा घेण्यात आली. हातांनी चाचपलेला ठोकळा डोळ्यांनी ओळखावयाचा होता. नुसत्या स्पर्शाने किंवा नुसत्या पाहण्याने जुळवाजुळव त्यांना उत्तम जमली, पण स्पर्शाकडून दृष्टीकडे जाताना बरोबर उत्तरांचे प्रमाण 58 टक्क्यांवर आले. डोळे झाकून अंदाज केला तरी 50 टक्के आलेच असते. मॉलिन्यू यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले. पण काही दिवसांतच तीच मुले ते करू लागली, ही त्या उत्तराची उजळ बाजू होय.

याच उपक्रमातील 2009 चा आणखी एक अभ्यास आजच्या विषयाला अधिक जवळचा आहे. नव्याने दृष्टी मिळालेल्यांना घनाचे छायांकित चित्र दाखविले, तेव्हा त्यांना एक घन दिसला नाही. प्रत्येक बाजू ही निराळी वस्तू वाटली. सावलीही त्यांना वस्तूच वाटली. चित्र स्थिर होते तोवर ही स्थिती राहिली. आकृत्या हलू लागताच जे भाग बरोबरीने सरकतात ते एकाचे, हे त्यांना उमगले. स्थिर चित्राचे आकलन हलणाऱ्या जगाकडून शिकावे लागते, हा त्याचा इत्यर्थ. बाळ खुळखुळा फिरवून पाहते, तोंडात घालते, खाली टाकते. ते खेळते असे मोठ्यांना वाटते, वस्तुतः ते भूमिती शिकत असते.

संगणकालाही अखेर शिकवावेच लागले. 2005 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील डेरेक हॉयम, अलेक्सी एफ्रॉस आणि मार्शल हिबर्ट यांनी एका छायाचित्रातील प्रत्येक भाग जमीन, उभा पृष्ठभाग की आकाश, हे संगणकाला उदाहरणांवरून शिकविले आणि मग मुलांच्या उघडमीट पुस्तकाप्रमाणे चित्र दुमडून उभे केले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथे आशुतोष सक्सेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरने अंतरे मोजलेली छायाचित्रे संगणकास दाखवून, नवीन छायाचित्रात अंतर वर्तविण्यास त्याला शिकविले. 2014 च्या सुमारास चेतापेशींच्या जाळ्याच्या धर्तीवर रचलेल्या, म्हणजे न्यूरल नेटवर्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पद्धती आल्या. 2015 मध्ये शेपनेट हा घनाकृतींचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या मुख्य भागात 55 वर्गांतील सुमारे 51,300 आकृत्या होत्या : खुर्च्या, मेजे, विमाने, मोटारी. आता खुर्चीचे एक छायाचित्र दिले की यंत्र तिची मागची बाजूही रचून दाखवू लागले, जी छायाचित्रात मुळी नव्हतीच. पाहणारे थक्क झाले.

येथे मात्र गाडी थांबवून विचार करण्याची वेळ आली. 2019 साली माक्सिम तातारचेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक बोचक प्रश्न विचारला : ही यंत्रे आकार खरोखर रचतात, की आठवतात? त्यांनी एक साधी पद्धत तुलनेला घेतली, जी आकार रचतच नव्हती. चित्र पाहून पाठ केलेल्या संग्रहातील जवळची आकृती फक्त काढून देत होती. आणि या साध्या पद्धतीचे गुण तेव्हाच्या नामांकित यंत्रांच्या बरोबरीला आले. म्हणजे यंत्र ‘हा पाय इतका लांब, ही पाठ इतकी कललेली’ असे मापत नव्हते. ‘ही त्या खुर्चीसारखी खुर्ची’ एवढेच ओळखत होते. शिक्षकांना हा प्रकार नवा नाही. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून पैकीच्या पैकी गुण मिळविणारा आणि प्रश्नातील एक आकडा बदलताच गोंधळणारा विद्यार्थी प्रत्येक शाळेने पाहिलेला असतो. गुणपत्रिका दोघांची सारखी. समज सारखी नसते. चूक विद्यार्थ्याची जितकी, तितकीच परीक्षेचीही, हे त्या संशोधकांनी दाखवून दिले.

त्याच वर्षी नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथील टॉम व्हान डाइक आणि गिडो द क्रोन यांनी रस्त्यावरील अंतर वर्तविणाऱ्या एका यंत्राची तपासणी केली. समोरची मोटार किती लांब आहे हे ते यंत्र तिच्या दिसणाऱ्या आकारावरून ठरवीत नव्हते. मोटार चित्रात किती खाली टेकलेली दिसते यावरून ठरवीत होते. मोटारीच्या बुडाशी असलेल्या काळ्या सावलीवरही त्याची मोठी भिस्त होती. रॉबर्ट्स यांनी 1963 मध्ये हाताने घातलेले ‘वस्तू जमिनीवर टेकलेली असते’ हे गृहीतक यंत्राने न सांगता स्वतः शोधून काढले होते! कौतुकाचीच गोष्ट, पण कॅमेरा किंचित वर-खाली कलला की त्याचे अंतर चुकू लागे. ते यंत्र जर्मनीतील रस्त्यांच्या चित्रांवर शिकले होते. तसले यंत्र पंडरीच्या रस्त्यावर आणले, आणि गतिरोधकावर गाडीचे नाक उचलले गेले, त्याच क्षणी समोर कापडाच्या गाठी लादलेली सायकलरिक्षा आडवी आली, तर काय होईल? तशी रिक्षा त्याने पाहिलेली नाही, आणि जमिनीची त्याची समजूत त्या क्षणी डळमळलेली आहे. ती रिक्षा ओढणारा माणूस हा कोणाच्या तरी घराचा आधार आहे. समजुतीवर चालणाऱ्या दृष्टीचा प्रश्न हा केवळ गणिताचा राहत नाही, तो येथे माणसाच्या जिवाचा होतो.

यावर उपाय आहे आणि तो शोधण्यात मराठी मुलखाचाही वाटा आहे. उपाय असा की, जेथे एक चित्र पुरे पडत नाही तेथे जगाला दुसरा प्रश्न विचारावा. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.त सुभासिस चौधुरी आणि ए. एन. राजगोपालन यांनी भिंगाच्या अस्पष्टतेवरून अंतर काढण्याच्या विद्येवर काम केले. त्यांचा ग्रंथ 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. भिंग ज्या अंतरावर रोखलेले असते त्याच्या पुढचे-मागचे सारे पुसट दिसते. एकाच चित्रात पुसटपणा दिसला तर वस्तू दूर आहे की तिची कडच मऊ आहे, हे कळत नाही. पण भिंगाची मांडणी बदलून दुसरे चित्र घेतले की पुसटपणातील फरकच अंतर सांगतो.

दुसरे उदाहरण नाशिकचे सुपुत्र रमेश रासकर यांचे. नाशिकहून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि तेथून अमेरिकेत गेलेल्या रासकरांनी 2004 साली सहकाऱ्यांसह एक कॅमेरा मांडला, ज्याच्या भिंगाभोवती चार दिवे होते. एकेक दिवा पेटवून चार चित्रे घ्यावयाची. डावीकडचा दिवा पेटला की वस्तूच्या उजव्या कडेला बारीक सावली पडते, वरचा पेटला की खालच्या कडेला. रंगविलेल्या रेषेला अशी सावली पडत नाही. जेथे खरोखर खोलीत उडी आहे तेथेच ती पडते. रंगारी आणि पत्र्याचा कारागीर यांच्यातील तंटा चार दिव्यांनी मिटला. पुढे एम.आय.टी.च्या मीडिया लॅबमध्ये रासकरांच्या गटाने, कोपऱ्याआड दडलेल्या वस्तूचा आकार भिंतीवरून परतलेल्या प्रकाशावरून काढण्यापर्यंत मजल मारली. ते काम 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. 2016 साली त्यांना लेमेलसन-एम.आय.टी. पारितोषिक मिळाले. पण या साऱ्याच्या मुळाशी असलेली कल्पना चार दिव्यांइतकीच साधी आहे : शंका असेल तेथे दिवा हलवून पाहावा.

23 ऑगस्ट 2023 रोजी सायंकाळी चांद्रयान-3 चे विक्रम हे अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेव्हा साऱ्या देशाने श्वास रोखला होता. त्यात खाचखळगे आणि शिळा ओळखून टाळण्यासाठी खास कॅमेरा होता. तो अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने घडविला होता. परंतु उतरणे केवळ त्याच्या चित्रांवर सोपविलेले नव्हते. उंची मोजणारे लेसर आणि रेडिओ लहरींचे मापक होते, वेग मोजणारी साधने होती. खड्डा की उंचवटा, हा घरच्या टेबलावर गमतीचा वाटणारा प्रश्न तेथे मोहिमेचे यशापयश ठरविणारा होता. म्हणून एका साक्षीवर निकाल दिला गेला नाही.

एका चित्रावरून घनाकार ओळखता येतो काय, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. चित्रातून तो मिळत नाही. चित्र आणि अनुभव यांच्या मिळणीतून मिळतो. अनुभव जितका समृद्ध, तितका तर्क नेमका. आणि जेथे अनुभव अपुरा, तेथे तर्कावर निश्चितीचा शिक्का मारू नये. यंत्राने उत्तर द्यावे, तसेच त्या उत्तराची खात्री किती तेही सांगावे, हा आजच्या संशोधनातील कळीचा भाग आहे. चांगल्या विद्यार्थ्याला ‘ठाऊक नाही’ हे प्रामाणिकपणे म्हणता येते, तसेच हे.

शाळेच्या स्मरणिकेत जुनी छायाचित्रे छापली जातात. साठ वर्षांपूर्वीचा एखादा वर्ग, बाकांच्या ओळी, मध्यभागी खुर्चीवर बसलेले गुरुजी. नव्या वाचकाला ते एक सपाट, करडे चित्र आहे. पण ज्याने त्या बाकांवर बसून अक्षरे गिरविली, त्याला बाकाच्या लाकडाची थंडी जाणवते, फळ्यापर्यंतचे अंतर पावलांत आठवते, गुरुजींच्या आवाजाची दिशाही कळते. चित्र दोघांसमोर एकच; तिसरे माप एकाजवळच आहे. ते माप चित्राने दिलेले नसते, जगण्याने दिलेले असते. दूर राज्यात राहून मराठीतून शिकविणाऱ्या शाळेने आपल्या मुलांना दिले ते हेच : एकच पाटी दोन भाषांत वाचण्याची सवय, आणि पहिल्या वाचनावर न थांबता संदर्भ तपासण्याची शिस्त. ज्या मुलाला ‘शिक्षा’ या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक आहेत, त्याने उद्या यंत्रांना पाहावयास शिकवावे. ते काम त्याच्या हातून अधिक सावधपणे आणि म्हणून अधिक चांगले होईल.

हीरक महोत्सवी शाळेस आणि तिच्या पुढच्या पिढ्यांस हार्दिक शुभेच्छा.